महाकाय प्राणी कशाने संपले? नान्नजच्या माळावर पडलेला एक प्रश्न

सीनाकाठ

सोलापुरातील एका शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. हिमयुगाचा पाठ आला की मॅमथचे चित्र फळ्याशेजारी टांगायचे, 'बर्फ वितळले, उकाडा वाढला, थंडीला सरावलेले प्राणी टिकले नाहीत' असे सांगायचे आणि पुढच्या पाठाकडे वळायचे, हा माझा दरवर्षीचा क्रम होता. गेल्या महिन्यात नातीला घेऊन नान्नजच्या अभयारण्यात गेलो. काळविटांचा कळप दिसला, माळढोक दिसला नाही. परतीच्या वाटेवर मी तिला तेच जुने उत्तर सांगितले, तेव्हा नववीत शिकणारी ती मुलगी म्हणाली, "आजोबा, हिमयुगे तर अनेकदा आली आणि संपली. मग हे प्राणी आधीच्या उकाड्यांत कसे वाचले?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर जे वाचले ते येथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी आणि चुकत असेल तेथे दुरुस्त करावे, अशी विनंती आहे.

प्रथम विषयाची हद्द सांगतो. चर्चेचा हा धागा डायनासोरांविषयी नाही. ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले आणि त्या वादात आपल्या पायाखालचा, ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेला दख्खनचा काळा पाषाणच एक संशयित आहे, पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. येथे प्रश्न आहे तो गेल्या सुमारे ५०,००० वर्षांत नाहीशा झालेल्या प्राण्यांचा. मॅमथ, हत्तीचा दूरचा नातलग मॅस्टोडॉन, अमेरिकेतील हत्तीएवढे जमिनीवरचे स्लॉथ, ऑस्ट्रेलियातील गेंड्याएवढा डिप्रोटोडॉन, न्यूझीलंडचा मोआ पक्षी हे त्यांतले ठळक. साधारण ४५ किलोंहून जड प्राण्याला या चर्चेत महाकाय म्हणतात.

नातीच्या प्रश्नात तथ्य आहे. गेल्या सुमारे ८ लाख वर्षांत साधारणपणे दर लाख वर्षांनी थंडी आणि उकाडा यांचे आवर्तन होत आले. सुमारे १,३०,००० ते १,१५,००० वर्षांपूर्वीचा उबदार काळ तर उत्तरेकडे आजच्याहूनही उबदार होता, आणि मॅमथ तो काळ पार करून पुढे आले. मग शेवटच्या आवर्तनात नवे असे काय घडले? पॉल मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकापासून आग्रहाने सांगितलेले उत्तर असे की, या वेळी माणूस नवा होता. त्यांच्या १९७३ च्या मांडणीनुसार उत्तरेकडून शिरलेले शिकारी एखाद्या लाटेसारखे दोन्ही अमेरिका ओलांडत गेले आणि माणसाची भीती ठाऊक नसलेले प्राणी हजारेक वर्षांत संपले.

या मताच्या बाजूने काळाचा क्रम बोलतो. ऑस्ट्रेलियात बहुतेक महाकाय प्राणी सुमारे ४५,००० ते ४०,००० वर्षांपूर्वी गेले, अमेरिकेत सुमारे १३,००० ते ११,००० वर्षांपूर्वी, आणि न्यूझीलंडचा मोआ तर तेराव्या शतकात पॉलिनेशियन लोक पोचल्यानंतर दोनेक शतकांत. मुख्य भूमीवरचे स्लॉथ गेल्यानंतर क्यूबासारख्या कॅरिबियन बेटांवरचे स्लॉथ आणखी पाच-सहा हजार वर्षे जगले, माणूस तेथे पोचेपर्यंत. सायबेरियाच्या उत्तरेच्या रँगेल बेटावर मॅमथ सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत होते, म्हणजे इजिप्तमधले मोठे पिरॅमिड बांधून झाल्यानंतरही. उकाडा बेटांवरही वाढलाच होता.

हानीचे प्रमाणही सारखे नाही. महाकाय सस्तन प्राण्यांच्या प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, मोजले तर ऑस्ट्रेलियाने सुमारे ८८ टक्के, दक्षिण अमेरिकेने ८३ टक्के, उत्तर अमेरिकेने ७२ टक्के, युरोप-आशियाने ३६ टक्के आणि आफ्रिकेने १८ टक्के गमावल्या. जेथे माणूस लाखो वर्षे प्राण्यांसोबत राहिला तेथे हानी कमी, आणि जेथे तो अचानक उगवला तेथे जवळजवळ सर्वनाश, असा हा उतार आहे.

तरीही मी निःशंक नाही. डोनाल्ड ग्रेसन आणि डेव्हिड मेल्ट्झर यांनी २००२ साली उत्तर अमेरिकेतील सगळे पुरावे तपासले, तेव्हा माणसाने मॅमथ किंवा मॅस्टोडॉन मारल्याची खात्रीलायक स्थळे १४ च निघाली. पस्तीसच्या आसपास प्रजाती नष्ट झाल्या आणि शिकारीचा पुरावा केवळ दोन प्राण्यांचा, तोही १४ ठिकाणी! खून झाला असे म्हणायचे तर हत्यार आणि जखम दाखवावी लागते. डार्विनचे समकालीन निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८७६ साली याच घटनेचे खापर बर्फावर फोडले होते आणि १९११ साली मत बदलून ते माणसावर फोडले. दीडशे वर्षांचा हा वाद आहे. आपली मते वाचण्यास उत्सुक आहे.

मोसमी

सर, आपण विषय नीट मांडला आहे, परंतु हवामानाची बाजू दुबळी करून मांडली गेली आहे, असे मला वाटते. 'उकाडा वाढला आणि प्राणी मेले' असे हवामानाच्या बाजूचा कोणीही आज म्हणत नाही. प्रश्न तापमानाच्या आकड्यापेक्षा चाऱ्याचा आणि पाण्याचा आहे. मॅमथ ज्या कोरड्या, गवताने भरलेल्या विस्तीर्ण पठारांवर चरत, ती पठारे हवा दमट झाल्यावर दलदल, शेवाळ आणि झुडुपे यांनी व्यापली. प्राण्याला ऊन सोसले असते, पण खायला गवतच उरले नाही. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातली जनावरे उन्हाने गेली नाहीत, वैरण आणि पाणी नसल्याने गेली.

बेटाचेच उदाहरण घ्यायचे तर अलास्काजवळच्या सेंट पॉल बेटाचे घ्या. तेथील मॅमथ सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी संपले. त्या बेटावर माणूस पोचला तो अठराव्या शतकात. तळ्याच्या गाळाच्या अभ्यासातून दिसते की समुद्र चढत गेला, बेट आक्रसत गेले, गोड्या पाण्याचे तळे उथळ आणि गढूळ झाले, आणि पाण्याविना कळप संपला. तेथे एकही भाला नव्हता.

दुसरा मुद्दा. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे कोरड्या तळ्याच्या काठी माणसांच्या पावलांचे ठसे सापडले. २०२१ साली त्यांचे वय २१,००० ते २३,००० वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. त्यावर आक्षेप आले, म्हणून परागकण आणि वाळूचे कण वापरून पुन्हा तपासणी झाली आणि २०२३ मध्ये तेच वय निघाले. म्हणजे माणूस आणि महाकाय प्राणी उत्तर अमेरिकेत निदान आठ-दहा हजार वर्षे एकत्र राहिले. मग मार्टिन यांची लाट कोठे राहिली? उलट, सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धात थंडीचा एक तडाखा अचानक परतला आणि अचानक ओसरला, आणि अमेरिकेतल्या अनेक प्राण्यांचे शेवटचे अवशेष त्याच सुमाराचे आहेत.

शेवटी, सगळ्या प्राण्यांना एकच कारण लावणे हेच मला मान्य नाही. २०११ साली सहा प्राण्यांच्या प्राचीन डीएनएचा मोठा अभ्यास झाला. त्यात केसाळ गेंडा आणि युरेशियातील कस्तुरी बैल यांची घट केवळ हवामानाने समजावता आली, तर बायसन हा गव्यासारखा रानबैल आणि रानघोडा यांच्या बाबतीत हवामान व माणूस दोन्ही लागले.

वाचक_पंढरपूर

धूमकेतू आदळल्याने किंवा रोगाच्या साथीने हे प्राणी मेले असेही वाचले होते. त्याचे काय झाले?

सीनाकाठ

दोन्ही कल्पना मांडल्या गेल्या आहेत. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी अवकाशातून काही आदळले असा दावा २००७ साली झाला. त्याच्या खुणा म्हणून दाखवलेले कण इतरांना तपासणीत त्याच प्रकारे सापडले नाहीत, आणि ऑस्ट्रेलियातला विनाश तर त्याच्या तीस हजार वर्षे आधीचा आहे. साथीच्या रोगाची कल्पना १९९७ ची. एकच रोगजंतू हत्ती, घोडा, उंट आणि स्लॉथ अशा परस्परांशी दूरचे नाते असलेल्या प्राण्यांना मारतो आणि लहान प्राण्यांना सोडतो, हे मानणे जड जाते. त्यामुळे या दोन्हींवर मी अधिक थांबत नाही.

मोसमी यांचा वैरणीचा मुद्दा मला पूर्णपणे पटला. सेंट पॉलचे उदाहरण मला ठाऊक नव्हते. एक शंका मात्र राहते. गवत आधीच्या उबदार काळांतही आक्रसले असणारच. त्या वेळी मॅमथ उत्तरेला सरकले, थोड्या जागेत तग धरून राहिले आणि थंडी परतल्यावर पुन्हा पसरले. शेवटच्या वेळी ते त्या थोड्या जागेत तग का धरू शकले नाहीत?

मोजपट्टी

सर, नमस्कार. मी मूळचा सोलापूरचाच, संख्याशास्त्र शिकवतो. आपण 'हत्यार आणि जखम दाखवा' असे लिहिले आहे. ती अपेक्षा न्यायालयात योग्य आहे, प्राण्यांच्या संख्येच्या हिशेबात ती दिशाभूल करते. कसे, ते आकड्यांनी दाखवतो.

हत्तिणीचे गर्भारपण २२ महिन्यांचे असते आणि दोन पिलांमध्ये साधारण चार-पाच वर्षांचे अंतर पडते. अशा प्राण्याचा कळप चांगल्या काळात वर्षाला फार तर काही टक्क्यांनी वाढतो. समजा, एका प्रदेशात १,००० प्राणी आहेत आणि वाढ वर्षाला ३ टक्के आहे. माणसाने त्यांतले वर्षाला ५ टक्के मारले तर निव्वळ घट होते २ टक्के. एवढी घट एका पिढीतल्या शिकाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. तरी सुमारे ३५ वर्षांत कळप निम्मा होतो आणि सुमारे साडेतीनशे वर्षांत शेवटचा प्राणी उरतो. या सगळ्या काळात मारलेल्या प्राण्यांची एकूण संख्या अडीच हजारांच्या आसपास भरते, म्हणजे सरासरीने वर्षाला सात. शेवटच्या शंभर वर्षांत तर वर्षाला एकही पूर्ण प्राणी वाट्याला येत नाही.

आता त्या अडीच हजार सांगाड्यांपैकी किती उघड्यावर कुजून न जाता गाळात पुरले जातील, त्यांतल्या कितींजवळ दगडी टोक राहील, आणि त्यांतले किती १३,००० वर्षांनी कोणाच्या कुदळीखाली येतील? या दृष्टीने पाहिले तर १४ स्थळे ही संख्या मला लहान वाटत नाही. शिवाय साडेतीनशे वर्षांचा काळ इतका तोकडा आहे की त्या वयाच्या हाडांच्या कालमापनात तो जेमतेम पकडता येतो.

ही केवळ माझी कागदावरची आकडेमोड नाही. जॉन अॅलरॉय यांनी २००१ साली उत्तर अमेरिकेतील ४१ जातींचा असा हिशेब संगणकावर मांडला. माणसे फार नव्हती आणि ती फार कुशलही नव्हती, असे धरूनसुद्धा ३२ जातींबाबत ती वाचली की नष्ट झाली याचे उत्तर बरोबर आले. ख्रिस्तोफर जॉन्सन यांचे २००२ चे काम मला याहून महत्त्वाचे वाटते. आकार बाजूला ठेवून केवळ प्रजननाचा वेग पाहिला, तर ज्या जातीची मादी वर्षाला सरासरी एकाहून कमी पिले देत असे, त्या जातीच्या नष्ट होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होती. संथ प्रजनन असलेले लहान प्राणीही गेले. ज्यांना आपण 'मोठे म्हणून मेले' समजतो, ते खरे म्हणजे 'सावकाश वाढणारे म्हणून मेले'.

नान्नजवाट

मोजपट्टी सरांचा हिशेब वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. मी उत्तर सोलापूर तालुक्यातला शेतकरी आहे आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्रीच्या प्राणीगणनेला अनेक वर्षे पाणवठ्यावर बसलो आहे.

माळढोकाची मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. अभयारण्य झाले १९७९ साली, शिकारीवर बंदी त्याआधीच १९७२ च्या कायद्याने आली होती. तरी पक्षी कमी होत गेले. विजेच्या तारांना धडकून, कुत्र्यांनी अंडी खाऊन, माळ नांगराखाली जाऊन. माझ्या उभ्या आयुष्यात मी कोणाला माळढोक मारताना पाहिले नाही आणि मेलेला माळढोकही पाहिला नाही. आमच्या माळावरून त्याचे दर्शन मात्र जवळजवळ संपले. दहा हजार वर्षांनी कोणी येथे खणले तर त्याला एकही जखमी हाड मिळणार नाही. म्हणून पुराव्याची स्थळे थोडी आहेत, यावरून माणूस निर्दोष ठरवणे मला मान्य नाही.

मोसमी यांच्यासाठीही एक गोष्ट सांगतो. पाऊस चांगला असला की काळवीट सगळ्या माळावर विखुरलेले असतात, चार कळप शोधायला दिवस जातो. उन्हाळा कडक झाला आणि डबकी आटली की सगळे एकाच पाणवठ्यावर येतात. तेथे दबा धरून बसणाऱ्या लांडग्याला धावाधाव करावी लागत नाही. माणसाच्या शिकारीलाही हेच लागू पडत असणार. अवर्षण स्वतः कळपातले थोडे मारते आणि उरलेले एका जागी गोळा करून शिकाऱ्याच्या हाती देते. सीनाकाठ सरांनी विचारले की या वेळी प्राणी थोड्या जागेत तग का धरू शकले नाहीत. त्या थोड्या जागेत या वेळी पाणवठ्याशी माणूस बसला होता, असे माझे उत्तर आहे.

सीनाकाठ

आपले उत्तर मी आज नातीला वाचून दाखवले.

या बाजूने आणखी एक पुरावा नोंदवतो. मोंटाना राज्यात सुमारे १२,८०० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका तान्ह्या मुलाच्या हाडांतील समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या प्रमाणावरून, त्याच्या आईचा आहार काढण्यात आला. २०२४ अखेरीस ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्या आहारात सर्वांत मोठा वाटा मॅमथचा होता. दगडी टोके शोधत बसण्यापेक्षा हा पुरावा थेट आहे, कारण तो खाणाऱ्याच्या शरीरातूनच आला. अर्थात हे एका कुटुंबाचे उदाहरण आहे, हे मी जाणतो.

गारगोटी

सर, मी अक्कलकोटची, पुण्यात पुरातत्त्वशास्त्र शिकते. ही सगळी चर्चा अमेरिका आणि सायबेरियाभोवती फिरते आहे. आपल्या जमिनीतला पुरावा या वादात अतिशय मोलाचा आहे, म्हणून तो सविस्तर लिहिते.

भारतातही महाकाय प्राणी होते आणि त्यांतले काही गेले. नर्मदेच्या गाळात सापडलेल्या, सरळ सुळ्यांच्या प्रचंड हत्तीला फाल्कनर आणि कॉटली यांनी १८४६ साली नर्मदेवरूनच नाव दिले. आजच्या हत्तीहून तो पुष्कळ मोठा होता. त्याच्याबरोबर स्टेगोडॉन हा हत्तीचा दूरचा नातलग, नर्मदेच्याच नावाचा एक रानघोडा आणि पाणघोडा हे येथे वावरत होते. पाणघोडा म्हटले की आपल्याला आफ्रिका आठवते, पण मांजरा नदीच्या खोऱ्यात, लातूर जिल्ह्यातील हरवाडी परिसरात पाणघोड्याचे आणि हत्तीचे जीवाश्म निघाले आहेत. सोलापूरहून ते अंतर दोन-अडीच तासांचे आहे. गोदावरीकाठी नांदूर मधमेश्वरच्या गाळातूनही मोठ्या प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. नर्मदेच्या रानबैलाचा रानटी वंश संपला, परंतु वशिंडाच्या गाईबैलांच्या रूपाने त्याचे रक्त उरले. सिद्धेश्वराच्या यात्रेच्या जनावरांच्या बाजारात उभा असलेला खिलार बैल हा त्या महाकाय प्राण्याचा वारस आहे, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

आता मुख्य मुद्दा. अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली भारतीय उपखंडातील या विनाशाचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार येथील विनाश सुमारे ३०,००० वर्षांपूर्वी सुरू झाला आणि त्याचे प्रमाण अमेरिका वा ऑस्ट्रेलिया यांच्या मानाने फार सौम्य होते. हत्ती, गेंडा, गवा, रानम्हैस, वाघ हे सारे आजही आहेत. सुमात्रातील टोबा ज्वालामुखी सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला, त्याची राख आंध्रातील ज्वालापुरम येथे आहे, आणि राखेच्या वर तसेच खाली दगडी हत्यारे सापडली आहेत. आपल्याकडचा विनाश टोबानंतर चाळीसेक हजार वर्षांनी सुरू होतो, म्हणून टोबाला संशयितांच्या यादीतून वगळावे लागते.

विनाश सौम्य का झाला? आपल्या शेजारच्या यादगीर जिल्ह्यात ईसामपूर येथे के. पद्दय्या यांनी आदिमानवाची हत्यारे घडवण्याची जागा उत्खननात उघड केली. तेथील प्राण्यांच्या दातांवरून काढलेले वय सुमारे १२ लाख वर्षे आहे. तमिळनाडूतील अत्तिरम्पाक्कम येथील हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपर्यंत मागे जातात. म्हणजे आधुनिक माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून येथील हत्ती आणि गेंडे दोन पायांच्या शिकाऱ्याला ओळखून होते. माणसाचा वास आला की बाजूला व्हायचे, हे शिकायला त्यांना लाखो वर्षे मिळाली. ऑस्ट्रेलियातल्या डिप्रोटोडॉनला ती मिळाली नाहीत.

मोसमी

गारगोटी ताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. नान्नजवाट यांचा पाणवठ्याचा मुद्दाही मी मान्य करतो. हवामान आणि माणूस यांना परस्परविरोधी मानण्याची माझी सवय त्याने मोडली.

तरी दोन आक्षेप नोंदवतो. पहिला असा की 'प्राणी माणसाला ओळखून होते' हे सोयीचे स्पष्टीकरण आहे. जे वाचले ते ओळखून होते आणि जे मेले ते ओळखत नव्हते, असे नंतर म्हणता येते. नर्मदेचा हत्तीही तितकीच लाखो वर्षे माणसासोबत राहिला होता, मग तो का गेला? दुसरा असा की माणसाला दोष देताना क्रम सिद्ध झाला पाहिजे. आधी प्राणी कमी झाले आणि मग वनस्पती बदलल्या, की आधी वनस्पती बदलल्या आणि म्हणून प्राणी गेले? दुसरे खरे असेल तर माझी बाजू जिंकते.

गारगोटी

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आधी देते, कारण ते शेणात सापडले आहे. मोठ्या तृणभक्षकांच्या शेणावर वाढणारी एक बुरशी असते. तिची बीजुके, म्हणजे बियांसारखे सूक्ष्म कण, तळ्याच्या गाळात परागकणांसोबत थराथराने साठतात. बीजुके भरपूर म्हणजे शेण भरपूर, आणि शेण भरपूर म्हणजे कळप मोठे. एकाच गाळात बीजुके, परागकण आणि कोळशाचे कण मोजले की क्रम हाती येतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या लिंचेस क्रेटर येथे सुमारे ४१,००० वर्षांपूर्वी बीजुके आधी घटली, त्यानंतर वणवे वाढले आणि त्याहून नंतर वनस्पती बदलल्या. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या एका तळ्यातही, २००९ च्या अभ्यासानुसार, सुमारे १४,८०० ते १३,७०० वर्षांपूर्वी बीजुके घटत गेली, आणि वनस्पतींची नवी रचना व मोठे वणवे त्यानंतर आले. चरणारे तोंड गेले म्हणून झाडोरा माजला आणि माजलेला झाडोरा वाळून पेटला, असा हा क्रम आहे. ही घट आपण सांगितलेल्या १२,९०० वर्षांपूर्वीच्या थंडीच्या तडाख्याच्याही आधीची आहे, याकडे लक्ष वेधते.

पहिला आक्षेप रास्त आहे. लाखो वर्षांची ओळख असली तरी शिकारी बदलला, हे त्यावरचे एक उत्तर आहे. लहान पात्यांची, फेकायची हत्यारे आपल्याकडे नंतर आली आणि माणसांची संख्याही वाढली. परंतु त्यावर माझा फार भर नाही.

वाचक_पंढरपूर

मोजपट्टी सरांचा नियम मला पटला, पण तो शहामृगाला कसा लावायचा? शहामृग भारतात होते असे वाचले आहे, आणि त्याची मादी तर एका हंगामात अनेक अंडी घालते. मग ते का गेले?

मोजपट्टी

प्रश्न अचूक आहे. अंड्यांची संख्या आणि मोठी होणारी पिले यांत मात्र अंतर असते. शहामृगाची बहुतेक अंडी आणि पिले भक्षकांच्या तोंडी जातात आणि पिलू वयात यायला तीन-चार वर्षे लागतात. त्यात माणूस अंडीच उचलू लागला तर हिशेब पुन्हा उणे होतो. तरी मी कबूल करतो की हत्तीइतका हा हिशेब सरळ नाही.

गारगोटी

माणूस अंडी हाताळत होता, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा रेषांची नक्षी कोरलेला तुकडा मिळाला, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात भारतातल्या अशा जुन्या कवचांतून डीएनए मिळवून, ती आफ्रिकेतल्या शहामृगाच्या नातलगाचीच असल्याचे २०१७ साली सिद्ध झाले.

सीनाकाठ

वाचक_पंढरपूर यांच्या प्रश्नावर मी चार दिवस विचार केला. तो या धाग्यातील सर्वांत उपयोगी प्रश्न आहे, असे मला वाटते.

भारतातून गेलेल्यांत पाणघोडा आहे आणि शहामृगही आहे. पाणघोड्याला बारमाही डोह लागतो, शहामृगाला कोरडा, मोकळा माळ लागतो. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना मोसमी पाऊस क्षीण झाला होता आणि पुढे हिमयुग ओसरताना तो पुन्हा जोर धरू लागला. क्षीण पावसात नद्यांचे डोह आटले आणि पाणघोडा गेला, हे समजते. त्याच कोरड्या काळात शहामृगाचा तर सुकाळ व्हायला हवा होता. पावसाने जोर धरल्यावर माळावर झाडोरा वाढून शहामृगाची अडचण झाली असेल, तर त्याच पावसाने पाणघोड्याचे डोह भरले असतील. एकच हवामान या दोघांना एकाच वेळी मारू शकत नाही.

म्हणून मोसमी यांच्यापुढे एक कसोटी ठेवतो. पाणघोडा कोरड्या काळात आणि शहामृग त्यानंतरच्या ओल्या काळात गेला असे निघाले, तर आपल्याकडे तरी हवामान मुख्य आरोपी मानावे. दोघे एकाच सुमारास गेले असे निघाले, तर त्यांच्यातला समान शत्रू माणूस.

मोसमी

कसोटी मला मान्य आहे. तिच्यात एक अडचण मात्र आहे. आपल्याकडची हाडे नद्यांच्या गाळा-गोट्यांत सापडतात. पुराने एका थरातून उचलून दुसऱ्या थरात टाकलेल्या हाडाचे वय, ते ज्या थरात सापडले त्या थरावरून काढणे धोक्याचे असते.

गारगोटी

अडचण खरी आहे. आपल्या उष्ण हवेत हाडांतले प्रथिन टिकत नाही, म्हणून हाडांवर वय काढण्याची रेडिओकार्बनची पद्धत बहुधा चालत नाही. अंड्याच्या कवचावर मात्र ती थेट वापरता येते, कारण ते चुनखडीचे असते आणि घट्ट असते. पाणघोड्यासाठी दाताच्या लुकणाचे, म्हणजे वरच्या कठीण थराचे, वय इतर पद्धतींनी काढावे लागेल. म्हणजे कसोटीची शहामृगाची बाजू आजही हाती घेता येण्याजोगी आहे. दख्खनमधल्या जितक्या अधिक ठिकाणची कवचे मोजली जातील, तितका तो शेवटचा काळ नेमका होईल.

सीनाकाठ

नातीने एक प्रश्न पाठवला आहे. सीना किंवा भीमेच्या काठच्या दरडीत असा तुकडा समोर आला, तर तो शहामृगाच्या अंड्याचा आहे हे कसे ओळखायचे?

गारगोटी

तिला सांगा की कोंबडीच्या अंड्याच्या कवचाहून तो कितीतरी जाड, साधारण दोन मिलिमीटरचा असतो. वळण इतके मंद असते की लहान तुकडा जवळजवळ सपाट वाटतो, आणि बाहेरच्या बाजूला भिंगातून पाहिले तर बारीक खळग्यांत छिद्रे दिसतात. शिंपल्याचा तुकडा त्यासारखा भासतो, पण तो पापुद्र्यांनी सुटतो. मात्र तुकडा उचलू नये. तो दरडीतल्या कोणत्या थरात आहे हे दिसेल असे छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे, जागा लिहून ठेवावी आणि मला येथे कळवावे. मी आमच्या विभागातल्या शिक्षकांना घेऊन येईन.